किती लांबचं दिसतं?

कुणाच्या हातात दुर्बीण दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती लांबचं दिसतं हो याच्यातून?" दुकानदार विचारतो, शेजारचे काका विचारतात, ऑफिसमधला टीम लीड विचारतो, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो. हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चुकीचा प्रश्न विचारून माणूस नुसता थांबला असता तर हरकत नव्हती. पण त्या प्रश्नाच्या जोरावर तो खरेदी करतो, आणि मग घरातले पैसे जातात ते जातात, वर पोराचा आकाशातला रसही आटतो. म्हणून या वीकेंडला याच विषयावर घसरायचं ठरवलंय.

आधी उत्तर देऊन टाकतो. नुसत्या डोळ्यांनी किती लांबचं दिसतं? पंचवीस लाख प्रकाशवर्षं! गंमत करत नाहीये. दिवाळीच्या सुमारास अमावस्येच्या रात्री म्हैसमाळला जा, नऊच्या आसपास उत्तरेकडे बरंच वर देवयानी तारकासमूहात बघा. धुरकट पुसट पट्टा दिसेल. ती देवयानी दीर्घिका, एम ३१. तिथून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड फुकटात, कुठल्याही काचेशिवाय तुमच्या डोळ्यात शिरतो. आता बोला! लांबचं दिसण्यासाठी पैसे मोजायची गरजच नाही.

अडचण अंतराची नसतेच. अडचण उजेडाची असते. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, आणि वय वाढतं तशी तीही कमी उघडू लागते. त्या एवढ्याशा भोकातून जेवढा उजेड आत येईल तेवढंच दिसणार. ५० मिलिमीटरचं भिंग लावलं की व्यास सातपट, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पन्नासपट. पन्नासपट उजेड गोळा करून डोळ्यात सोडणारं यंत्र, ही बायनॉक्युलरची खरी व्याख्या. (खगोलवाली मंडळी शुद्ध मराठीत 'द्विनेत्री' म्हणतात. शब्द गोड आहे, पण दुकानात हा शब्द वापरलात तर दुकानदार तुमच्याकडेच दुर्बिणीतून बघेल :) )

आता ते आकडे. बायनॉक्युलरवर १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपला ग्राहक पहिला आकडा वाचतो आणि तिथेच थांबतो. दहापेक्षा वीस मोठा, वीसपेक्षा तीस मोठा, म्हणून तीसवाला चांगला. हे म्हणजे प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ बघून लॅपटॉप घेण्यासारखं, किंवा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून मोबाईल घेण्यासारखं आहे. विकणाऱ्यांना ही सवय पक्की ठाऊक असते, म्हणून खोक्यावर तोच आकडा सगळ्यात ठळक छापतात.

खरा आकडा खोक्यावर नसतोच, तो काढावा लागतो. दुसऱ्याला पहिल्याने भागा. १०×५० म्हणजे ५. ७×५० म्हणजे साधारण ७. ८×४२ म्हणजे सव्वापाच. २०×५० म्हणजे अडीच. डोळा लावायच्या बाजूने जो उजेडाचा गोल ठिपका बाहेर पडतो, त्याचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. बायनॉक्युलर फूटभर लांब धरून आभाळाकडे करा, नेत्रिकेत तो ठिपका चक्क दिसतो. तो जितका मोठा (अर्थात तुमच्या बाहुलीच्या मर्यादेपर्यंत) तितकी पसरट, पुसट वस्तू उजळ दिसणार. अडीचचा ठिपका पाचच्या निम्मा, म्हणजे क्षेत्रफळाने पाव. तोच ५० चा उजेड २०× मध्ये चौपट जागेवर पसरतो. चमचाभर तूप एका पोळीला लावणं वेगळं आणि चार पोळ्यांना लावणं वेगळं, इतका साधा हिशोब आहे.

हे फक्त माझं तत्त्वज्ञान नाही. जॉर्ज अल्कॉक नावाचे इंग्लंडमधले एक निवृत्त शाळामास्तर होते. मे १९८३ मध्ये त्यांनी घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून बायनॉक्युलरने एक धूमकेतू शोधला. तोच धूमकेतू आयरास नावाच्या उपग्रहाने आणि जपानच्या अराकींनीही टिपला होता, म्हणून त्याचं नाव आयरास-अराकी-अल्कॉक. एका बाजूला उपग्रह, दुसऱ्या बाजूला खिडकीतले गुरुजी! अल्कॉक यांचं बायनॉक्युलर होतं १५×८०. भागाकार करा, सव्वापाचच्या वर. जानेवारी १९९६ मध्ये युजी ह्याकुताके यांनी ज्याने आपला प्रसिद्ध धूमकेतू शोधला ते धूड होतं २५×१५०. भागाकार ६. पहिला आकडा वाढवायचा तर दुसराही त्याच प्रमाणात वाढला पाहिजे, हे आकाशाशी रोज संबंध असणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ५० चं भिंग तेवढंच ठेवून आधी २० आणि मग ३० छापणं हे बाजाराचं गणित आहे.

शिवाय हाताचं काय? यंत्र चंद्र वीसपट करतं तसा हाताचा कंपही वीसपट करतं. हातात धरून दहापटीपर्यंत बहुतेकांना झेपतं, पुढे तारे जागेवर थांबतच नाहीत, अळ्या वळवळल्यासारखे दिसतात. तिपाईवर घट्ट बसवलंत तर २०× पण कामाचं, काही बाबतीत जास्तही दाखवेल, हे मान्य. पण तिपाई घेणार कोण? आपण तर "हातात धरून गुरूचे चंद्र बघू" म्हणून घेतलेलं असतं. आणि दृष्टिक्षेत्र! साध्या १०×५० मधून साधारण साडेसहा अंश आकाश दिसतं, २०×५० मधून तीनच्या आसपास. क्षेत्रफळात हा फरक साडेचारपटींहून जास्त. नवशिक्याला सगळ्यात पहिला त्रास होतो तो म्हणजे "नेमकं बघायचं कुठे" हा. त्याला खिडकी हवी, आणि आपण किल्लीचं भोक विकत आणतो.

यापुढची पायरी म्हणजे निव्वळ लबाडी. '३०×६०, डे अँड नाईट व्हिजन' असं छापलेले, तळहातात मावणारे बायनॉक्युलर तुम्ही सहलीच्या ठिकाणी आणि ऑनलाईन शंभर वेळा पाहिले असतील. फूटपट्टी काढा आणि पुढचं भिंग मोजा. ६० मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. अशा नगांत त्याच्या निम्म्यानेसुद्धा भरत नाही. म्हणजे तो ३० पण खोटा आणि ६० पण खोटा. '१०-९०×८०' असे झूमवाले त्यांचेच भाऊबंद. काच लालभडक चमकत असेल तर समजून जा. तो लाल मुलामा 'प्रो' असल्याची खूण नाही. लाल उजेड आत न जाता परत फिरतोय म्हणून ती काच लाल दिसते. ज्या उजेडासाठी पैसे मोजले तोच दारातून परत पाठवायचा, वा रे इंजिनिअरिंग!

आता मोठ्या भावाकडे वळतो, म्हणजे टेलिस्कोप. चांद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरल्यापासून माझ्या ओळखीच्या तीन घरांत पोरांसाठी टेलिस्कोप आले. आईबापांचा हेतू सोन्यासारखा, त्याबद्दल दुमत नाही. पण तीनपैकी दोन आज माळ्यावर आहेत. कारण ठरलेलं आहे. खोक्यावर '५२५ पट' आणि आत ६० मिलिमीटरचं भिंग. नियम साधा आहे, भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दुप्पट वर्धन, म्हणजे ६० ला १२०, तेसुद्धा हवा स्थिर असेल तर. त्यापुढे नुसता मोठा होत जाणारा धुरळा. वर ती लटपटती तिपाई, उलटं दिसणारं चित्र आणि अर्ध्या अंशाच्या आसपासचं आकाश. नऊ वर्षांचं पोर अर्धा तास शनी शोधतं, सापडत नाही, आणि मग शांतपणे ठरवतं की खगोलशास्त्र आपल्याला जमण्यातलं नाही. यंत्राचा दोष पोर स्वतःच्या डोक्यावर घेतं, आणि या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. बारा हजार रुपये गेले त्याचं काही नाही, आपण चार वीकेंड जास्त काम करून भरून काढू. ते कुतूहल परत कुठून आणणार?

शाळांचंही तेच. एका शाळेत देणगीतून आलेला चांगला मोठा टेलिस्कोप मी कुलूपबंद कपाटात पाहिला आहे. जोडता येणाऱ्या सरांची बदली झाली, विषय संपला. आणि समजा जोडलाच, तरी चाळीस मुलांची रांग लावायची, प्रत्येकाला वीस सेकंद, "दिसलं का? चल पुढे". त्याच पैशांत पाच-सहा बरी बायनॉक्युलर आली असती. प्रत्येक गटाकडे एक आणि हातात स्वतः शोधायची मजा. पण बायनॉक्युलर वाटप केल्याचा फोटो पेपरात छान येत नाही ना! पांढऱ्या लांब नळीजवळ उभं राहिलं की कसं, विज्ञान घडतंय असं वाटतं.

"पण मग शनीची कडी?" बरोबर. १०×५० मधून शनीची कडी दिसणार नाही, खोटं कशाला बोलू. त्याला निदान २५-३० पट आणि स्थिर तिपाई लागते. मंगळावरचे डाग, गुरूचे पट्टे, हेही टेलिस्कोपचंच काम. पण त्यासाठी स्वतःचा टेलिस्कोप घेतलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? आपल्याकडे एमजीएमचं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम खगोल अंतराळ विज्ञान केंद्र आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. अशा ठिकाणी जाणत्या माणसाच्या हाताखाली चांगल्या यंत्रातून शनी बघा, प्रश्न विचारा. वर्षभर आकाश ओळखीचं झाल्यावर वाटलं तर खुशाल टेलिस्कोप घ्या, तेव्हा तो माळ्यावर जाणार नाही.

दुसरा आक्षेप, "बायनॉक्युलरमध्ये असं काय दिसणार?" यादीच देतो. चंद्रावरची विवरं. हात टेकवून धरलं तर गुरूचे ते चार चंद्र, जे गॅलिलिओला १६१० मध्ये दिसले. (त्याच्या दुर्बिणीत अख्खा चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे, तुमच्या १०×५० मध्ये असे डझनभर चंद्र ओळीत मावतील.) कृत्तिका, ज्यांचा पसारा दोन अंश, मोठ्या टेलिस्कोपमध्ये त्यांचा एक कोपराच दिसतो. पुष्य नक्षत्रातला गुच्छ, जो शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही आणि बायनॉक्युलर लावलं की पिठाच्या गिरणीत उडाल्यासारखे तारे! मृगातला एम ४२ तेजोमेघ. वसिष्ठ-अरुंधती, लग्नात भटजींनी दाखवलेली आणि कुणालाच न दिसलेली :) आणि धूमकेतू. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास संध्याकाळी पश्चिमेला होता. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी चाचपडावं लागत होतं, बायनॉक्युलरमध्ये शेपटीसकट उभा. कित्येक अंशांची शेपटी टेलिस्कोपच्या एका अंशात कोंबून दाखवा बघू.

आता आपल्या गावाचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत जे सल्ले असतात ते बहुतेक पन्नास अंश अक्षांशावरच्या, थंडीने काकडणाऱ्या माणसासाठी असतात. छत्रपती संभाजीनगर आहे जेमतेम वीस अंश उत्तरेला. लंडनच्या माणसाला जन्मात घरून न दिसणारं दक्षिणेचं आकाश आपल्याला गच्चीवरून दिसतं. ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ घ्या, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा आणि तेजस्वी गोलाकार गुच्छ, लाखो ताऱ्यांचा. मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून बावीस अंश वर असतो, म्हणजे सातारा-देवळाईच्या डोंगरांच्या वर. हात लांब करून पंजा पसरलात तर अंगठा ते करंगळी एवढं अंतर. बायनॉक्युलरमध्ये तो कापसाच्या बोंडासारखा गोल, मऊ दिसतो. त्याच्यामागून वृश्चिक वर येतो, ज्येष्ठा नक्षत्राच्या कुशीतला एम ४, मूळ नक्षत्राच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७. हे शेवटचे दोघे तर जणू बायनॉक्युलरसाठीच बनवलेत.

आणि ते कधी? एप्रिल-मे मध्ये. शाळेला सुट्टी, पावसाळा लांब, आभाळ स्वच्छ. मराठवाड्यात उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपायची रीत होती. बाजेवर उताणं पडायचं आणि बघत राहायचं. या आसनासाठी एकच यंत्र योग्य आहे. पाठीवर पडून, कोपरं छातीला टेकवून धरलेलं बायनॉक्युलर. मान दुखत नाही, हात हलत नाही, तिपाई नको. टेलिस्कोप बाजेवर घेऊन दाखवा! एसी आला, गच्चीवर मोबाईलचे टॉवर आले, रीत मोडत चालली. ती मोडू नये यासाठी मला तरी याहून स्वस्त उपाय सुचत नाही.

तिसरा आक्षेप नव्या मंडळींचा. "आता स्मार्ट टेलिस्कोप येतात, मोबाईलवर फोटोच येतो." येतो, आणि सुंदर येतो. पण आठवडाभर आपण स्क्रीनसमोरच बसलेलो असतो राव. शनिवारी रात्री गच्चीवर जाऊन पुन्हा स्क्रीनच बघायची? ज्याला फोटो हवेत त्याने जरूर घ्यावा. मला तो उजेड स्वतःच्या डोळ्यात हवा आहे.

तर घ्यायचं काय? सरळ सांगतो. मोठ्यांसाठी १०×५०. हात थरथरत असतील किंवा मुलांसाठी घेत असाल तर ८×४० किंवा ८×४२, वजनालाही हलकं. ७×५० गावाकडच्या काळ्याकुट्ट अंधारात उत्तम, पण शहरात त्यातून आकाशही राखाडी दिसतं, म्हणून सिडकोतल्या गच्चीसाठी १०×५० च बरं. रचना पोरो, म्हणजे जुन्या सिनेमातल्या कॅप्टनच्या हातात असते तशी बाहेर फुगलेली. सरळ नळ्यांचं रूफ प्रिझम दिसायला देखणं, पण त्याच किमतीत बहुधा पोरोच सरस पडतं. झूम नको, 'फोकस फ्री' नको. प्रिझम बॅक-४ काचेचं. मुलामा 'फुली मल्टिकोटेड'. चष्मा लावून बघणार असाल तर आय रिलीफ १५ मिलिमीटरच्या वर. आणि दुकानात जाताना खिशात फूटपट्टी आणि छोटा टॉर्च ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

१. पुढचं भिंग मोजा. लिहिलंय तेवढं भरलं पाहिजे.

२. लांब धरून उजेडाचा ठिपका बघा. नीट गोल हवा. कडा चौकोनी, राखाडी दिसल्या तर प्रिझम हलकं आहे.

३. नेत्रिकेतून टॉर्च मारा आणि पुढून भिंतीवर पडणारा गोल मोजा. ५० लिहिलं असून गोल ४० चा पडला, तर आतमध्ये उजेड कापलाय.

४. ट्यूबलाईटचं प्रतिबिंब भिंगात बघा. हिरवट-जांभळं असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर मुलामा नाही.

५. लांबच्या खांबाकडे मिनिटभर बघा. दोन खांब दिसले किंवा डोळे ओढल्यासारखे झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. परत ठेवा, दुसरा नग मागा.

६. मुलासाठी असेल तर मुलाला सोबत न्या. दोन नळ्या त्याच्या डोळ्यांइतक्या जवळ यायला हव्यात.

घरी आणल्यावर दोन गोष्टी. सूर्याकडे चुकूनसुद्धा नाही, क्षणभरही नाही, डोळा कायमचा जातो, आणि मुलांच्या हातात दिवसा एकट्याने देऊ नका. आणि पावसाळा. आपल्याकडे भिंगांचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. ती चामड्याची केस कपाटातच राहू द्या, बायनॉक्युलर सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, पापड ठेवतो तसं. बाकी हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर पक्षी बघायलाही तेच चालतं. टेलिस्कोपला हे जमेल का ते तुम्हीच सांगा.

आणि शेवटी, ज्याला पैसेच लागत नाहीत ते. घेतलेलं बायनॉक्युलर अर्धंच काम करतं, उरलेलं अर्धं काम अंधाराचं. आपल्या शहरात जिकडे तिकडे पांढरे एलईडी आभाळाकडे तोंड करून लागलेत. कंपाउंडचा दिवा खाली वळवायला, त्याला पत्र्याची टोपी घालायला खर्च येतो शे-दोनशे रुपये. पन्नास मिलिमीटरचं भिंग घेऊन गच्चीवर जायचं आणि आपल्याच सोसायटीचा हॅलोजन डोळ्यात घ्यायचा, याला काही अर्थ नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा हा विषय काढून बघा. लोक पार्किंगवर दोन तास भांडतात, दहा मिनिटं आकाशावर भांडले तर बिघडत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "किती लांबचं दिसतं?" विचारलं तर त्याला सांगा की लांबचं सगळ्यांनाच दिसतं, पुसटाचं विचार. आणि मुलाच्या वाढदिवसाला ते ५२५ वालं खोकं उचलायला हात पुढे गेलाच, तर तो मागे घ्या.